नवऱ्याची पीएचडी, बाईंची कोष्टकं

अमेरिकेत मेडिकल फिजिसिस्टांची जी मोठी संघटना आहे, तिचा जीवनगौरव पुरस्कार एका बाईंच्या नावाने दिला जातो. एडिथ क्विम्बी. संघटना १९५८ साली निघाली तेव्हा तिच्या संस्थापक सदस्यांमध्ये त्या होत्या. तोवर त्यांचं वय सदुसष्ट झालं होतं आणि रेडियमवरच्या कामाला चाळीस वर्षं होत आली होती. या बाईंनी पीएचडी केली नव्हती. त्यांच्या नवऱ्याने केली होती, त्यांच्या साहेबांनीही केली होती. पण आज ज्या क्षेत्रात त्यांच्या नावाचा पुरस्कार आहे, त्या क्षेत्रातली त्यांची शेवटची परीक्षा म्हणजे १९१६ सालची एम.ए.

माझ्या संशोधनाचा विषय किरणोपचारातल्या मोजमापाचा इतिहास आहे. म्हणजे रुग्णाला किरणांची किती मात्रा द्यायची हे माणसं कशी ठरवायला शिकली, त्याचा इतिहास. त्यात क्विम्बीबाई टाळताच येत नाहीत. पण त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की एक अडचण येते. त्यांची गोष्ट दोन ठरीव साच्यांपैकी एकात पटकन जाऊन बसते. एक साचा त्यागाचा : नवऱ्याच्या शिक्षणासाठी बाईने नोकरी धरली. दुसरा साचा जिद्दीचा : सगळ्या अडचणींवर मात करून बाई मोठी झाली. दोन्ही साचे आपल्याकडे इतके घरोब्याचे आहेत की वाचणारा अर्ध्या वाटेवरच मान डोलवायला लागतो. मला आज या दोन्ही साच्यांच्या बाहेरून त्यांच्या नोकरीकडे आणि संसाराकडे बघायचं आहे. त्यासाठी आधी त्यांच्या गावांची यादी बघू, मग त्यांचं काम समजून घेऊ, आणि शेवटी पदव्या-पदांचा हिशोब मांडू.

गावांची यादी

एडिथ हिंकली यांचा जन्म १० जुलै १८९१ चा, इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डचा. पुढे कुटुंब पश्चिमेकडे सरकलं आणि शाळा संपली ती आयडाहोमधल्या बॉइझी गावात. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून त्या वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिटमन कॉलेजात गेल्या. विषय गणित आणि भौतिकशास्त्र. १९१२ साली पदवी. त्यानंतर दोन वर्षं ऑरेगनमधल्या नायसा या लहान गावात हायस्कुलात विज्ञान शिकवलं. १९१४ मध्ये फेलोशिप मिळवून बर्कलीला, कॅलिफोर्निया विद्यापीठात. तिथे बरोबर शिकणाऱ्या शर्ली क्विम्बी यांच्याशी १९१५ मध्ये लग्न झालं. (शर्ली हे नाव तेव्हा पुरुषांचंही असे, गोंधळू नका.) १९१६ मध्ये एडिथ एम.ए. झाल्या.

त्यानंतर शर्ली कॅलिफोर्नियातच अँटिऑक नावाच्या गावात शाळेत शिकवू लागले. पहिल्या महायुद्धात ते नौदलात गेले, तेव्हा त्यांच्या जागेवर एडिथ शिकवू लागल्या. युद्ध संपलं. १९१९ साली शर्ली यांना न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकवत शिकवत पुढचं शिक्षण घ्यायची संधी आली. दोघं देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली.

आता या यादीकडे जरा इतिहासाच्या विद्यार्थ्यासारखं बघा. बॉइझीहून व्हिटमन, व्हिटमनहून नायसा, नायसाहून बर्कली : या हालचाली एडिथ यांच्या स्वतःच्या आहेत. शिष्यवृत्ती त्यांची, नोकरी त्यांची, फेलोशिप त्यांची. लग्नानंतर मात्र प्रत्येक मुक्काम शर्ली यांच्या नोकरीने किंवा शिक्षणाने ठरतो. आयुष्याचा कागद असा मधोमध दुमडलेला दिसला की आम्हाला तिथे थांबावं लागतं. कारण असा दुमडलेला कागद त्या पिढीतल्या पुष्कळ शिकलेल्या बायकांचा आहे, फक्त बहुतेकींच्या बाबतीत दुमडीनंतरची बाजू कोरी असते.

न्यूयॉर्कमध्ये दोघांचं भागायचं तर दुसरा पगार हवा होता. भौतिकशास्त्रात एम.ए. झालेल्या विवाहित बाईला १९१९ साली विद्यापीठात काम मिळणं कठीण. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांमध्ये नवरा-बायको दोघांना अध्यापकाच्या जागा द्यायच्या नाहीत, असा नियम किंवा निदान रिवाज होता. एडिथ यांना काम मिळालं ते एका कॅन्सर हॉस्पिटलात, मेमोरियल हॉस्पिटलच्या भौतिकशास्त्र विभागात. विभाग म्हणजे काय, तर जिओकिनो फेला नावाचे एक तरुण भौतिकशास्त्रज्ञ आणि हाताखाली थोडी माणसं. फेला मूळचे इटलीचे, सिसिलीत जन्मलेले, वयाने एडिथ यांच्याच बरोबरीचे. त्यांनी या नव्या सहायक बाईंना कामावर घेतलं आणि पुढची चाळीस वर्षं ही दोघं एकत्र काम करत राहिली.

हॉस्पिटलात भौतिकशास्त्रज्ञाचं काय काम?

आज एखाद्या कॅन्सर हॉस्पिटलात गेलात तर किरणोपचाराच्या विभागात डॉक्टर असतात, मशीन चालवणारे तंत्रज्ञ असतात आणि बहुधा तुमच्या नजरेला न पडणारा एक मेडिकल फिजिसिस्ट असतो. गाठीला किती किरणं लागणार, शेजारच्या निरोगी भागाला किती, मशीन आज सांगितल्याइतकंच देतंय ना, हा हिशोब त्याच्याकडे. १९१९ साली ही जागा असलेली हॉस्पिटलं अमेरिकेत बोटांवर मोजण्याइतकी होती. मेमोरियलमध्ये ती निर्माण झाली रेडॉनमुळे.

रेडियम अतिशय महाग आणि ते हरवलं की गेलंच. म्हणून ते द्रावणाच्या रूपात तिजोरीत ठेवायचं आणि त्यातून सतत निघणारा रेडॉन वायू पंपाने ओढून बारीक नळ्यांत बंद करायचा, अशी पद्धत होती. या नळ्यांचे तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान तुकडे करत. त्यांना 'सीड' म्हणत, आणि ते गाठीतच ठेवून देता येत. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं, रेडॉनचं जेमतेम ३.८ दिवस. त्यामुळे सकाळी भरलेली नळी आणि चार दिवसांपूर्वी भरलेली नळी दिसायला सारखी, पण जोर निम्मा. तुकडा कायमचा आत राहणार असेल तर तो विझेपर्यंत एकूण किती देईल हे आधीच काढावं लागे. एक मिलिक्युरी रेडॉन पूर्ण संपेपर्यंत साधारण १३३ मिलिक्युरी-तासांइतकं काम करतो. हा आकडा त्या काळच्या प्रत्येक रेडियम विभागात पाठ असे. असे हिशोब करायला, नळ्या मोजायला आणि वायूचा पंप सांभाळायला डॉक्टर पुरे पडत नव्हते, म्हणून भौतिकशास्त्रज्ञ आले.

विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांच्या लेखी हे काम फार मानाचं नव्हतं. १९२० च्या दशकात अणूच्या रचनेची उलथापालथ चालू होती. अशा वेळी हॉस्पिटलात नळ्या मोजणं म्हणजे तिथे 'सेवा' समजली जाई. माझ्या मते इथेच या गोष्टीची किल्ली आहे. जिथे मान कमी, तिथे दाराशी पदवी विचारणारा पहारेकरीही नव्हता. पण त्याच खोलीत एक असा प्रश्न पडलेला होता ज्याचं उत्तर जगात कोणाकडेच नव्हतं.

किती म्हणजे किती?

प्रश्न साधा होता. रुग्णाला किती किरणं दिली?

तेव्हाचं उत्तर 'मिलिग्रॅम-तास' असं असायचं. ५० मिलिग्रॅम रेडियम २० तास ठेवलं तर १००० मिलिग्रॅम-तास. १०० मिलिग्रॅम १० तास ठेवलं तरीही १०००. छान, सुटसुटीत. पण याने फक्त रेडियम किती होतं आणि किती वेळ होतं एवढंच कळतं. रुग्णाच्या शरीरात नेमकं कुठे किती पोचलं, हे त्यात नाहीच. दुकानदाराने किती तांदूळ विकले ते सांगावं आणि आपण त्यावरून घरात कोणाच्या पानात किती भात पडला ते ठरवावं, तसलाच प्रकार.

एक उदाहरण आपणच करून बघू. समजा रेडियमची एक बारीक कुपी कातडीच्या वर १ सेंटिमीटरवर धरली आहे आणि गाठीचा तळ कातडीखाली १ सेंटिमीटरवर आहे. म्हणजे कातडी कुपीपासून १ सेंटिमीटर लांब, तळ २ सेंटिमीटर लांब. अंतर दुप्पट झालं की किरणांची तीव्रता चौथाई होते. म्हणजे तळाला कातडीच्या फक्त २५ टक्के. तळाला पुरेसं द्यायला गेलात तर कातडी जळणार.

आता तीच कुपी ४ सेंटिमीटर वर उचला. कातडी ४ वर, तळ ५ वर. गुणोत्तर सोळा भागिले पंचवीस, म्हणजे ६४ टक्के. तळाला आता बरंच चांगलं मिळतंय. पण कातडीलाच आधीच्या एक सोळांश मिळतंय, म्हणून तेवढाच परिणाम साधायला सोळापट मिलिग्रॅम-तास लागणार. (शरीरात किरणं शोषली जातात तो भाग मी इथे सोडून दिलाय.) बघा, 'मिलिग्रॅम-तास' या एका आकड्यात किती निरनिराळे उपचार लपलेले असू शकतात ते. एका हॉस्पिटलने '१००० मिलिग्रॅम-तासांनी गुण आला' असं छापलं आणि दुसऱ्याने ते वाचून तसंच केलं, तर एकाचा रुग्ण बरा होई आणि दुसऱ्याचा भाजून निघे.

त्यात शरीरातली रेडियमची सुई ही काही एक ठिपका नसते, तिला लांबी असते. आणि एकच सुई क्वचित वापरतात. सहा, आठ, बारा सुया ओळीने किंवा चौकोनात मांडतात. प्रत्येक सुईकडून प्रत्येक बिंदूला किती येतं ते काढून बेरीज करायची. संगणक नव्हताच.

एडिथ क्विम्बी यांनी १९२० च्या दशकात मेमोरियलमध्ये हेच काम हाती घेतलं. रेडियमच्या नळ्या आणि सुया वेगवेगळ्या मांडणीत ठेवायच्या, निरनिराळ्या अंतरांवर आणि खोलींवर काय पोचतं ते मोजायचं, गणिताशी ताडून बघायचं आणि कोष्टकं करायची. डॉक्टरने कोष्टकात बघावं : एवढं क्षेत्र, एवढी खोली, एवढं अंतर, तर एवढे मिलिग्रॅम-तास. नळ्यांची मांडणी कशी करावी यावरचा त्यांचा मोठा लेख १९३२ साली प्रसिद्ध झाला. किरणोपचाराच्या पुस्तकांत याला पुढे 'क्विम्बी पद्धत' असं नाव पडलं. तिच्यात सगळ्या सुया सारख्या ताकदीच्या आणि सारख्या अंतरावर ठेवतात, त्यामुळे मध्यभागी मात्रा जास्त होते, कडेला कमी. दोन वर्षांनी इंग्लंडमध्ये मँचेस्टरला पॅटरसन आणि पार्कर यांनी उलटं केलं. कडेला रेडियम जास्त, मध्ये कमी, म्हणजे मात्रा सगळीकडे जवळपास सारखी. किरणोपचार शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवून समजावतात.

लाल झालेली कातडी

मोजण्यातली दुसरी अडचण एककाची. लांबीला मीटर आहे, वजनाला किलो आहे, किरणांच्या मात्रेला काय? १९२८ साली स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत 'राँटजेन' हे एकक मान्य झालं. त्याआधी, आणि नंतरही काही वर्षं, दवाखान्यातलं खरं एकक होतं माणसाची कातडी. जितक्या किरणांनी कातडी लाल होते, ती एक मात्रा.

पण लाल म्हणजे किती लाल? कोणाची कातडी? आणि किती दिवसांनी? किरणांचं भाजणं विस्तवासारखं लगेच दिसत नाही, दोन-तीन आठवडे लागतात. एक डॉक्टर फिकट गुलाबीला लाल म्हणे, दुसरा पार काळवंडलेल्या कातडीला. क्विम्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जी व्याख्या बसवली ती मला फार आवडते, कारण तिच्यात माणसामाणसातला फरक मान्य केलेला आहे. एका वेळी दिलेल्या ज्या मात्रेने तपासलेल्यांपैकी ८० टक्के जणांची कातडी दोन ते चार आठवड्यांत किंचित लाल किंवा तांबूस होते आणि उरलेल्या २० टक्के जणांवर काहीच दिसत नाही, ती 'उंबरठ्याची मात्रा'.

शंभरातल्या वीस जणांवर काहीच दिसत नाही, हे व्याख्येतच लिहिणं ही साधी गोष्ट नाही. विद्यापीठातला भौतिकशास्त्रज्ञ एककात अशी ढिलाई सहन करणार नाही. हॉस्पिटलात रोज माणसं बघणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाला मात्र ती ढिलाई नसून वस्तुस्थिती आहे हे ठाऊक असतं.

याच काळात कामगारांचाही प्रश्न होता. रेडियम हाताळणाऱ्यांच्या बोटांची कातडी खराब होत होती, रक्तातल्या पेशी कमी होत होत्या. कोणाच्या अंगावर किती किरणं पडतात हे बघायला फोटोची फिल्म वापरायची, ती किती काळी पडते त्यावरून अंदाज बांधायचा, ही पद्धत क्विम्बी यांनी १९२६ साली लिहून प्रसिद्ध केली. पुढे जगभर वापरल्या गेलेल्या फिल्म बॅजच्या पूर्वजांपैकी ती एक. आपल्याकडच्या एक्स-रे किंवा किरणोपचार विभागात काम करणाऱ्यांच्या छातीवर एक लहानसा बॅज लावलेला असतो, तो तुम्ही पाहिला असेल. भारतात आधी फिल्मचेच बॅज होते, आता त्यात फिल्मऐवजी विशिष्ट स्फटिकाच्या चकत्या असतात. दर तीन महिन्यांनी तो बदलून मोजणीला जातो. साधन बदललं, पण काम करणाऱ्याच्या अंगावरचा हिशोबही रुग्णाच्या हिशोबाइतकाच नीट ठेवायचा, हे तत्त्व तेच राहिलं.

दोन पीएचडी

आता पदव्यांकडे येऊ. एडिथ मेमोरियलमध्ये सुयांची कोष्टकं करत होत्या त्या वर्षांत त्यांच्या आयुष्यातल्या दोन महत्त्वाच्या पुरुषांनी डॉक्टरेट मिळवली. फेला पॅरिसला गेले आणि मेरी क्युरी यांच्या प्रयोगशाळेत काम करून १९२३ साली पदवी घेऊन आले. शर्ली क्विम्बी यांनी कोलंबियातून पीएचडी केली, तिथेच राहिले आणि पुढे प्राध्यापक झाले. घन पदार्थांमधली कंपनं हा त्यांचा विषय.

एडिथ यांनी या काळात प्रबंध लिहिला नाही, लेख लिहिले. पुष्कळ लिहिले. पीएचडीच्या विद्यार्थ्याला हे वाचताना थोडं चुरचुरतं, कारण आम्ही एका प्रबंधासाठी पाच-सहा वर्षं घालवतो आणि बाईंच्या १९३२ च्या एका लेखात त्यापेक्षा जास्त दिवस टिकलेलं काम आहे.

मग याला त्याग म्हणायचं का? मला तो शब्द इथे बसत नाही, आणि त्याची कारणं त्यांच्या कामातच आहेत. त्याग म्हटलं की गृहीत धरलं जातं की खरं विज्ञान नवऱ्याच्या विद्यापीठात चाललं होतं आणि बाई घरखर्चापुरती नोकरी करत होत्या. प्रत्यक्षात किरणांच्या मात्रेचं विज्ञान विद्यापीठात नव्हतंच, ते हॉस्पिटलातल्या त्या खोलीत घडत होतं. मुक्कामाचं शहर शर्ली यांच्या शिक्षणाने ठरलं हे खरं. त्या शहरात एडिथ यांनी जे उभं केलं ते मात्र कोणाच्या शिक्षणाचं उपउत्पादन नव्हतं.

पण म्हणून 'सगळं चांगलंच झालं' असंही म्हणता येणार नाही. पदवी नसल्याची किंमत असतेच, आणि ती पदांच्या यादीत दिसते. यादी अशी आहे :

१९१९ : मेमोरियलमध्ये सहायक भौतिकशास्त्रज्ञ.
१९४० : अमेरिकन रेडियम सोसायटीचं जेनवे पदक. ते मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री. त्याच वर्षी व्हिटमन कॉलेजची मानद डॉक्टरेट.
१९४१ : रेडिओलॉजिकल सोसायटी ऑफ नॉर्थ अमेरिकेचं सुवर्णपदक. आणि याच वर्षी कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयात साहाय्यक प्राध्यापक.
१९४३ : कोलंबियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापक.
१९५४ : पूर्ण प्राध्यापक. याच वर्षी अमेरिकन रेडियम सोसायटीच्या अध्यक्ष, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री.
१९६० : निवृत्ती.

पहिल्या आणि दुसऱ्या नोंदीत एकवीस वर्षांचं अंतर आहे. या एकवीस वर्षांतच त्यांचं पायाभूत काम झालं. विद्यापीठातलं सगळ्यात खालचं प्राध्यापकपद मिळालं तेव्हा त्या पन्नाशीला पोचल्या होत्या, आणि हातात त्या क्षेत्रातली दोन मोठी पदकं होती. साधारणपणे आधी पद मिळतं आणि म्हातारपणी पदक. इथे क्रम उलटा आहे. बरोबरच्या माणसांना त्यांची किंमत कळली होती, संस्थांना ती कळायला वेळ लागला.

१९४३ नंतर नवरा-बायको एकाच विद्यापीठात होती. ते भौतिकशास्त्र विभागात, त्या वैद्यकीय महाविद्यालयात, शहराच्या दोन वेगवेगळ्या भागांत. त्यांना मूलबाळ नव्हतं. या एका वाक्यावरून बायकांच्या चरित्रांत पानंच्या पानं लिहिली जातात, पुरुषांच्या चरित्रांत एक ओळ. शर्ली यांच्याबद्दल लिहिताना मी जितकं लिहिलं असतं तितकंच इथे लिहून पुढे जाते.

शरीराच्या आतला हिशोब

युद्धाच्या आसपास भौतिकशास्त्राने वैद्यकाला एक नवी वस्तू दिली. कृत्रिम किरणोत्सारी समस्थानिकं. किरणोत्सारी सोडियम, ज्याचं अर्धायुष्य सुमारे १५ तास. किरणोत्सारी आयोडीन, सुमारे ८ दिवस. हे पदार्थ रुग्णाला टोचायचे किंवा प्यायला द्यायचे आणि शरीरात ते कुठे जातात ते बाहेरून यंत्राने बघायचं. क्विम्बी आणि बेव्हर्ली स्मिथ यांनी किरणोत्सारी सोडियम वापरून हातापायांतलं रक्ताभिसरण तपासण्याचे प्रयोग केले.

पण इथे जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. सुई कुठे ठेवली ते तरी माहीत असतं. प्यायलेलं आयोडीन स्वतः फिरतं. थायरॉइडमध्ये साठतं, बाकीचं लघवीतून जातं. शिवाय दोन घड्याळं एकदम चालतात. एक पदार्थाच्या विझण्याचं, दुसरं शरीराने तो बाहेर टाकण्याचं. समजा पदार्थ ८ दिवसांत निम्मा विझतो आणि शरीरही ८ दिवसांत निम्मा बाहेर टाकतं. मग ८ दिवसांनंतर निम्म्याचा निम्मा, म्हणजे चौथाई उरेल. म्हणजेच निम्मा व्हायला प्रत्यक्षात ४ दिवसच लागले. हे सगळं धरून अवयवाला एकूण किती मात्रा मिळते याचं व्यवस्थित गणित मॅरिनेली, क्विम्बी आणि हाइन या तिघांनी १९४८ साली मांडलं. आज थायरॉइडच्या रुग्णाला आयोडीन देतात तेव्हा जो हिशोब होतो, त्याच्या मुळाशी असलेल्या लेखांपैकी हा एक आहे. एडिथ तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या होत्या. पहिला विषय संपत आला म्हणून त्या थांबल्या नाहीत, दुसऱ्याच्या पायाभरणीलाही हजर राहिल्या.

आपल्याकडे

तुम्ही म्हणाल, ही सगळी न्यूयॉर्कची गोष्ट. पण पदवीचा मुद्दा आपल्या दाराशी येतो. मुंबईत १९४१ साली टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, आणि कर्करोगाच्या हॉस्पिटलात भौतिकशास्त्रज्ञ लागतो ही कल्पना आपल्याकडेही रुजू लागली. असे भौतिकशास्त्रज्ञ घडवायचे कसे? १९६२ साली ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा केंद्राने, म्हणजे आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने रेडिऑलॉजिकल फिजिक्सची पदव्युत्तर पदविका सुरू केली. भौतिकशास्त्रातली एम.एस्सी., त्यावर एक वर्षाची ही पदविका, मग हॉस्पिटलात प्रत्यक्ष काम. देशभरातल्या किरणोपचार विभागांत बसलेल्या कितीतरी फिजिसिस्टांची वाट हीच आहे.

म्हणजे एडिथ क्विम्बी ज्या शिदोरीवर १९१९ साली मेमोरियलमध्ये शिरल्या, साधारण तेवढीच शिदोरी आणि वर एक वर्षाचं खास शिक्षण. त्यांना जे चाळीस वर्षांत हाताने करत शिकावं लागलं, ते पुढच्या पिढ्यांना अभ्यासक्रम म्हणून मिळालं. आणि अशा अभ्यासक्रमासाठी लागणारी पुस्तकं लिहिण्यातही त्यांचा वाटा होता. ग्लासर, टेलर आणि वेदरवॅक्स यांच्याबरोबर १९४४ साली त्यांनी रेडिऑलॉजीच्या भौतिक पायावरचं पाठ्यपुस्तक काढलं, पुढे समस्थानिकांच्या वैद्यकीय वापरावर आणि ती सुरक्षितपणे हाताळण्यावरही पुस्तकं लिहिली.

हिशोब

निवृत्तीनंतर त्या बावीस वर्षं जगल्या. ११ ऑक्टोबर १९८२ ला न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं, वय ९१. सदुसष्ट वर्षांचा संसार होता. आयुष्यभर किरणांच्या शेजारी काम करून नव्वदी ओलांडणं, हे त्यांनी घालून दिलेल्या सावधगिरीचं प्रमाणपत्र आहे असं कोणी म्हटलं तर मी त्यांना थोडं थांबवेन. एका माणसाच्या आयुर्मानावरून असं काही सिद्ध होत नाही, आणि ८० टक्क्यांची व्याख्या करणाऱ्या बाईंनी तर हा युक्तिवाद मुळीच चालवून घेतला नसता.

पण इतिहासाच्या अंगाने एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. विज्ञानाचा इतिहास लिहिताना आम्ही अजूनही आधी प्रबंध शोधतो, प्राध्यापकपदं शोधतो, विद्यापीठांची कागदपत्रं चाळतो. त्या चाळणीतून एडिथ क्विम्बी १९४० पर्यंत सरळ खाली पडतात. चाळणी बदलून बघितलं, म्हणजे डॉक्टर रोज सकाळी कोणाचं कोष्टक उघडत होते असं विचारलं, की त्याच एकवीस वर्षांत त्या सगळीकडे दिसायला लागतात. आणि मग शंका येते की या चाळणीखाली आणखी कोण कोण पडलेलं असेल. नवऱ्याच्या बदलीबरोबर आलेल्या आणि मिळाली ती नोकरी धरलेल्या किती तरी जणींची नावं हॉस्पिटलांच्या नोंदवह्यांत, प्रयोगशाळांच्या हजेरीपटांत, लेखांच्या तळटिपांत आहेत. हल्ली माझं बरंचसं काम त्या तळटिपा वाचण्याचं आहे.

पुढच्या लेखात रेडियमच्या सुया हॉस्पिटलातून हळूहळू कशा हद्दपार झाल्या आणि त्यांची जागा कोबाल्टने कशी घेतली, ते बघू.